येमूलबाईंचं जळणं

येमूलबाई जळायच्या. ही निंदा नव्हे. त्या स्वतःच स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली ठेवून जाहीर करायच्या, "आज मी जळले बघा, सर." मग कुणावर जळल्या ते सांगायच्या. कधी कोल्हापूरवर, कधी पाचगणीवर, एकदा तर अख्ख्या बंगालवर. माणसांवर जळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कुणाच्या मुलाला परदेशात नोकरी लागली, कुणी नवा फ्लॅट घेतला, की बाई मनापासून पेढा खायच्या आणि दुसरा मागून घ्यायच्या. त्यांचं जळणं फक्त गावांवर होतं आणि त्याचं कारण एकच होतं. त्या गावाचं नाव एखाद्या झाडाला किंवा प्राण्याला लागलेलं असायचं, आणि सोलापूरचं कशालाच लागलेलं नव्हतं.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवतो. बाई जीवशास्त्र शिकवायच्या. आमचे वर्ग शेजारी, मध्ये एक विटेची भिंत. नववीला शास्त्रीय नावांचा धडा सुरू झाला की त्यांचा आवाज भिंतीतून इकडे यायचा.

"नावाच्या शेवटी 'एन्सिस' दिसलं की घाबरायचं न्हाई. ते आपलं 'कर' आहे. अक्कलकोटकर, बार्शीकर, तसं. आता वडाचं नाव फायकस बेंगालेन्सिस. म्हणजे वड कोण?"

"बंगालकर!" वर्ग ओरडायचा. माझ्या वर्गातली वर्गमुळं सोडवणारी पोरंही मान खाली घालून हळूच "बंगालकर" म्हणायची.

"नीलपंख पक्षी?"

"तोही बंगालकर!"

"मग मला सांगा, आपल्याकडं वड न्हाईत? तारेवर नीलपंख बसत न्हाई? बसतो की! पण नाव ठेवणाऱ्याला तो तिकडं दिसला. आपल्याकडं कुणी बघायलाच आलं न्हाई." एवढं बोलून त्या थांबायच्या. त्या थांबण्यात इतका राग असायचा, की शेजारच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझाही हात थांबायचा.

आपल्या माळावरच्या, गळ्याखाली पंखा फुलवणाऱ्या सरड्याची त्यांना फार हळहळ वाटायची. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला चक्क मराठी 'सरडा' हेच नाव दिलं आहे आणि पुढे दख्खनचं नाव जोडलं आहे. "दख्खनपर्यंत आले," बाई म्हणायच्या, "सोलापूर दोन पावलांवर होतं हो!"

माझं आडनाव मंद्रूपकर. त्यावरही त्या जळायच्या. माझ्या पणजोबांनी मंद्रूप सोडलं. त्यानंतर आमच्या घरातलं कुणी तिथे राहिलेलं नाही. तिथे आमची वीतभर जमीन नाही की ओळखीचं घर नाही. हे मीच एकदा बोलता बोलता सांगितलं आणि पस्तावलो.

"तुमचं बरं आहे की हो. जन्मताच शिक्का. एक रात्र तरी राहिलाय का मंद्रूपला?"

"नाही."

"आणि मंद्रूपकर!" त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "आमचे पणजोबा वरंगलकडून हातमागावर बसायला इथं आले. आम्ही सगळे इथंच जन्मलो, इथंच शिकलो. तरी लोक विचारतात, मूळच्या कुठल्या तुम्ही? आणि तिकडं वरंगलला मावशीच्या घरी गेले, की दारातच म्हणतात, सोलापूरवाळ्ळु वच्चारु. सोलापूरवाले आले म्हणे." बिस्किट तुटून चहात पडलं. ते चमच्यानं काढत त्या म्हणाल्या, "तर असं आहे."

या विषयावर त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत.

शाळेच्या आवारातल्या प्रत्येक झाडावर बाईंनी पत्र्याची पाटी लावली होती. पत्रा आणणं, तो रंगवणं, अक्षरं काढणं, सगळं त्या स्वतः करायच्या. पाटीवर तीन ओळी असत. मराठी नाव, शास्त्रीय नाव, मूळ ठिकाण. खिळा ठोकायचा नाही, झाडाला लागतो. तारेनं सैल बांधायची. त्या स्टुलावर चढायच्या आणि खाली मी. माझं काम एकच. "सर, सरळ आहे का बघा." मी बघायचो आणि जे असेल ते सांगायचो, "डावीकडून अर्धा इंच खाली." त्या कुरकुरायच्या, "पोरं काय पट्टी घेऊन वाचणार आहेत का?" पण दुरुस्त करायच्या. तिरपी पाटी मला सोसत नाही, त्याला इलाज नाही.

फाटकाजवळच्या मोठ्या चिंचेला मात्र पाटी नव्हती. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, तिचं नाव टॅमरिंडस इंडिका. पण ती मूळची आफ्रिकेची. खोटं नाव मी माझ्या हातानं रंगवणार न्हाई."

"अहो, पुस्तकात तेच आहे ना?"

"पुस्तकात आहे. माझ्या ब्रशात न्हाई."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. गणिताच्या माणसानं यात पडू नये म्हणून मी घड्याळाकडे पाहिलं. ते गेल्यावर बाई माझ्याशी म्हणाल्या, "हिच्यावर मी सगळ्यात जास्त जळते. बाहेरून आली नि अख्खा देश नावावर करून बसली. हिला कुणी विचारतं का, मूळची कुठली?"

एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आम्ही कोल्हापूरला गेलो. जेवताना तिथल्या एका विज्ञान शिक्षकांनी सहज सांगितलं, आमच्या जिल्ह्यात एक पाल सापडली, उन्हात तिच्या अंगावर रंग चमकतात, आणि तिला कोल्हापूरचं नाव मिळालंय. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला होता.

"पाल?" त्या म्हणाल्या.

"होय मॅडम. कोल्हापूरेन्सिस."

"अभिनंदन. आमच्याकडं पालीला झाडूनं हाकलतात."

"आमच्याकडं तिच्यावर लेख येतात," ते गृहस्थ म्हणाले आणि तांबड्या रश्श्याची वाटी त्यांनी अगदी आदरानं बाईंपुढे सरकवली. बाईंनी ती परत केली. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मोहोळ मागे पडलं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "पाल तर पाल. आपल्याकडं काय भिंती न्हाईत?"

तेव्हापासून त्यांनी ठरवून टाकलं. निवृत्त होण्याआधी सोलापूरच्या नावाचं काहीतरी जिवंत सापडलं पाहिजे. "चादरीला सोलापूरचं नाव आहे की," मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वह्या तपासायला घेतल्या.

कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की कोंबड्यांच्या आणि माशांच्या आतड्यांत जे कृमी असतात त्यांना गावांची नावं सर्रास मिळतात, मराठवाड्यातली कितीतरी गावं तशी मार्गी लागली आहेत. शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन चिकनच्या दुकानात गेल्या. दुकानदार ओळखीचा होता, त्याची मुलगी आमच्याकडे आठवीत.

"आतडी मिळतील का? ताजी?"

"मॅडम," तो सुरी थांबवून म्हणाला, "लोगां मुर्गी ले जाते. तुम आंतडियां कायकू पूछते?"

"त्यात किडे असतात ना, ते बघायचेत."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती एकमेकांकडे बघत निघून गेली. "अल्ला! मेरी मुर्गी में किडे नै मॅडम! धंदा डुबाते क्या मेरा?"

बाई रस्त्यावर आल्या, पर्स खांद्याला नीट अडकवली. मग म्हणाल्या, "चला. माझ्या गावाचं नाव कोंबडीच्या पोटात नको. त्यापेक्षा जळणं परवडलं."

मला वाटलं, आता हे थांबेल. ते थांबलं नाही. एका पावसाळ्यात विद्यार्थ्यांची सहल मंद्रूपजवळच्या माळावर गेली होती. तिथे मुरमाच्या उतारावर बाईंना एक रोप दिसलं. बोटभर उंच, दोऱ्यासारखी पानं, जमिनीत कांद्यासारखा छोटा गड्डा. फूल पांढरं, सहा पाकळ्यांचं, दुपारभर मिटलेलं आणि उन्हं कलल्यावर उघडणारं. बाईंनी ते कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चिंचेखाली बोलावलं आणि आसपास कुणी नाही हे बघून फक्त एवढंच म्हणाल्या, "सापडलं."

तेव्हापासून पावसाळ्यातल्या रविवारी मी स्कूटर काढायचो आणि बाई मागे बसायच्या. विजापूर रोडनं वीस-बावीस किलोमीटर. माझी बायको दोघांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची. एकदा डब्याचं झाकण लावताना ती म्हणाली, "बाईंना बघा, कशाचं तरी केवढं वेड आहे. तुम्हाला आहे का हो असं कशाचं?"

मी विचार केला. घराचे हप्ते फिटले आहेत. मुलांची शिक्षणं मार्गी लागली आहेत. पेट्रोलचा हिशेब मी ठेवतो. पण रविवारी पहाटे ज्यासाठी झोप उडावी असं काही मला आठवलं नाही. त्या दिवशी माळावर बाई गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून त्या रोपापुढे बसल्या होत्या आणि मी बांधावर डबा सांभाळत बसलो होतो. मला बाईंचा हेवा वाटला. त्या जळत होत्या याचाच हेवा वाटला. एखाद्या गोष्टीसाठी इतकं जळायला मिळणं हीसुद्धा मिळकतच म्हणायची.

"याला मंद्रूपचं नाव द्यायला हवं खरं तर," मी बांधावरून म्हणालो. "उगवलंय मंद्रूपला."

"म्हणजे तुम्हाला दोन-दोन?" त्या वर न बघता म्हणाल्या. "मुकाट्यानं बसा. सोलापूरचंच."

मेंढरांनी रोपं खाऊ नयेत म्हणून बाईंनी त्या जागेभोवती बाभळीच्या काट्या रचल्या. तिथे कलाबाई नावाच्या धनगर बाई मेंढरं चारायच्या. त्या दुरून बघायच्या. दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो, तर काट्यांच्या कडेला एक उभट दगड ठेवलेला आणि त्यावर भंडारा उधळलेला.

"हे कुणी केलं?" बाईंनी विचारलं.

"आमीच की," कलाबाई म्हणाल्या. "तुमी एवढ्या लांबनं येताय, गुडघं टेकून बसताय, कुपान घालताय. म्हनलं, काय तरी जागृत असंल हितं."

"देव न्हाई हो, झाड आहे."

"आसू द्या. झाडात काय देव नसतोय व्हय?"

बाईंनी दगड तसाच ठेवला. काट्यांपेक्षा भंडारा जास्त राखण करतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. माणसं चप्पल काढून लांबूनच नमस्कार करून जात होती.

हे रोप बाईंनी कुणालाही दाखवलं नाही. फोटो कुणाला पाठवला नाही. आम्ही रविवारी कुठे जातो असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं, "मंद्रूपच्या बाजारात वांगी छान मिळतात." मी दर वेळी म्हणायचो, पुण्याला एखाद्या जाणत्याला विचारा. त्या म्हणायच्या, "आणि त्यानं स्वतःच्या गावाचं नाव लावून टाकलं म्हणजे?" स्वतः जळणाऱ्या माणसाला सगळं जग जळताना दिसतं. एक पावसाळा पानं बघण्यात गेला, एक फुलं बघण्यात, तिसरा फळ धरेपर्यंत वाट बघण्यात. मग त्यांनी रोपं वर्तमानपत्रात घालून, वर माझी भूमितीची जाड पुस्तकं ठेवून वाळवली, गठ्ठा मांडीवर घेतला आणि पुण्याची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. तास घेतले. डबा खाल्ला. शाळा सुटल्यावर चिंचेखाली थांबल्या.

"नवीन न्हाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फार जुनं आहे. कधीच नाव पडलंय. पुण्याच्या साहेबांनी कागद उघडल्या उघडल्या सांगितलं. चहा सांगितला होता, तो यायच्या आत." त्या हसल्या. "चांगला माणूस. त्यांनीच समजूत घातली माझी. म्हणाले, सोलापूरकडं अजून कुणी नोंदवलं नव्हतं, ती नोंद तुमची."

"आणि नाव कुठल्या गावाचं आहे त्याला?"

माझा प्रश्न सरळ होता. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्या गावाचं नाव मी घेणार न्हाई." आणि त्यांनी ते खरंच कधी घेतलं नाही. मी पुढेही दोनदा विचारून पाहिलं. म्हणून ते मी इथे लिहू शकत नाही. कोल्हापूर असेल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजाला मी उत्तर म्हणत नाही.

"तीन वर्षं राखलं, सर. पहिल्याच दिवशी कुणाला दाखवलं असतं तर..." वाक्य तिथेच सोडून त्या पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथंच उगवतं, इथंच सुकतं. आणि नाव बघा, परगावचं." डोक्यावर चिंचेचा पाला हलत होता. त्या वर बघत राहिल्या. मीही बघितलं, पण मला फक्त चिंचा दिसल्या.

पुढच्या रविवारी आम्ही काट्या काढायला गेलो. राखण्यासारखं काही उरलं नाही, उगाच कुणाच्या पायात काटा नको, असं बाईंचं म्हणणं. पहिली फांदी ओढतात तोवर कलाबाई काठी टेकत लगबगीनं आल्या.

"आवं, काय करताय? हात लावू नगा!"

"काढते आहे. काही न्हाई त्यात. साधंच झाड निघालं."

"आसंल साधं. पर आमी काय करायचं मग? आमचं समदं ह्याच्यावर चालतंय की. पोरास्नी सांगतोय, मेंढरं मास्तरणीच्या कुपानापातूर न्या. पाव्हनं फोनवर इचारत्यात कुटं हाईसा, तर म्हंतोय मास्तरणीच्या माळाला. समदी वस्ती आता मास्तरणीचा माळच म्हंती."

बाईंच्या हातात बाभळीची फांदी होती. "कुणाचा माळ?"

"मास्तरणीचा! तुमचा की वो. ह्येला इचारा," कलाबाईंनी माझ्याकडे काठी केली, मग थबकल्या. "ह्ये कोन म्हनायचं? तुमचं डायवर हाईत का?"

"न्हाई, न्हाई," बाई म्हणाल्या. "हे मंद्रूपकर. इथलेच."

कलाबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "मंद्रूपकर? कंच्या आळीचं? आमी कदी बघितलं न्हाय."

मी खिशात स्कूटरची किल्ली शोधायला लागलो. बाईंनी फांदी होती तिथे परत ठेवली, नीट, काटे बाहेर करून. आम्ही स्कूटरपर्यंत चालत आलो. त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मंद्रूपकर सर," त्या म्हणाल्या, "जळलात ना?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. विजापूर रोड लागेपर्यंत स्कूटर मागून हलत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम रीतसर झाला. भाषणं झाली, नारळ दिला आणि आमच्याकडे देतात तशी चादर दिली. मुख्याध्यापकांनी बाईंच्या तीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला. ती एकतीस होती, मी खालून सांगितलं. कार्यक्रम संपला, लोक चहाकडे वळले आणि बाई दिसेनात. मी बाहेर आलो. त्या फाटकाजवळ स्टुलावर उभ्या होत्या. रेशमी साडीचा पदर खोचलेला, तोंडात तार, आणि चिंचेच्या बुंध्याशी नवी पाटी. बोटांना पांढरा रंग लागलेला होता. म्हणजे पाटी सकाळीच रंगवली असणार.

पहिली ओळ: चिंच. दुसरी ओळ: टॅमरिंडस इंडिका. तिसऱ्या ओळीत बाकी सगळ्या पाट्यांवर मूळ ठिकाण असे. इथे ते शब्दच नव्हते. तिथे लिहिलं होतं: राहणार सोलापूर.

तारेला शेवटचा पीळ देऊन त्या मागे न बघता म्हणाल्या, "सर, सरळ आहे का बघा."

मी बघितलं. डावीकडून चांगली अर्धा इंच खाली होती.

"सरळ आहे," मी म्हणालो.

त्या मागे वळल्या. मग पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्टुलावरून उतरल्या, पदर सोडला, चादर काखेत मारली आणि फाटकातून बाहेर पडल्या. रिक्षा उभी होती. तिच्यात बसता बसता त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"आणि मंद्रूपकर, कोल्हापूरला कळवू नका. जळतील."